गाळ कुठे टाकलात?

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी मी आमच्या गडसंवर्धन संस्थेचं अध्यक्षपद सोडलं. गडाच्या पायथ्याच्या वाडीत, मामांच्या ओसरीवर सभा होती. बाहेर पाऊस, आत चुलीचा धूर आणि मधोमध माझा लॅपटॉप. काय काय सोपवायचं याची यादी मी आदल्या रात्री जागून एक्सेलमध्ये केली होती. घमेली २२, त्यातली ६ बुडाला फुटकी. फावडी ९. टिकाव ५. पहारी ४. शंभर फुटी दोर २. प्रथमोपचाराची पेटी १, आतली औषधं मुदत संपलेली. बँकेचं चेकबुक. ई-मेलचा पासवर्ड. ड्राइव्हवरचे १८ फोल्डर.

शेवटच्या ओळीत मी 'गाळ' असं लिहिलं होतं. पुढचा संख्येचा रकाना रिकामा होता.

खजिनदार यादी मोठ्यानं वाचत होता. तिथवर आला आणि थांबला. "हे काय?"

"तेही तुमच्या ताब्यात द्यायला हवं होतं," मी म्हटलं, "पण ते आता आपल्याकडे नाही."

ओसरीवरच्या निम्म्या लोकांना हा प्रकार माहीत होता, निम्म्यांना नव्हता. ज्यांना माहीत नव्हता त्यांना मी त्या दिवशी सांगितला. इथेही तोच सांगतोय.

*

मी २८ वर्षांचा आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. २०१८ साली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही सहा मित्र या गडावर गेलो होतो. गडाचं नाव लिहीत नाही. वाचून झाल्यावर का ते कळेल. वर वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, टाक्यात तरंगणारे कागदी ग्लास. आमच्यातल्या एकाला भयंकर राग आला. पुढच्या रविवारी आम्ही दोन पोती घेऊन परत गेलो आणि भरून खाली आणली. त्याचा फोटो टाकला. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही १९ जण होतो.

तुमच्यापैकी जे अशा मोहिमांना गेले असतील त्यांना तो नाद माहीत असेल. पहाटे साडेचारला शिवाजीनगरहून निघायचं, पायथ्याला पोहे, वर उन्हात राबायचं, उतरताना पाय लटलट कापतायत आणि तरी मनात अगदी स्वच्छ वाटतंय. सोमवारी ऑफिसमध्ये कुणी विचारलं, 'वीकेंडला काय केलंस?', तर सांगायला काहीतरी असतं. आठवडाभर मी जे करायचो ते पडद्यावर असायचं आणि दोन महिन्यांनी कुणीतरी बदलून टाकायचं. गडावर मी हलवलेला दगड पुढच्या रविवारी तिथेच असायचा.

२०२१ मध्ये आम्ही रीतसर संस्था नोंदवली. मी अध्यक्ष झालो. खरं तर त्याआधीच मी 'दादा' झालो होतो. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले लोकसुद्धा मला दादाच म्हणायचे. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, नंतर सवय झाली, आणि मग कुणी नुसत्या नावानं हाक मारली की जरा खटकायला लागलं. अध्यक्ष आणि दादा यांत फरक आहे. अध्यक्षाला सभेत प्रश्न विचारता येतो. दादाला विचारत नाहीत, दादाचं ऐकतात.

*

गडाच्या उत्तर अंगाला दोन खोदीव टाकी आहेत. एकात बारमाही पाणी असतं. दुसरं काठोकाठ मातीनं भरलेलं होतं, वर करवंदीची जाळी. बाहेरून बघणाऱ्याला तिथे टाकं आहे हे कळलंही नसतं. आम्हाला ते मामांनी दाखवलं.

जानेवारी ते मार्च २०२२, सात रविवार आम्ही ते टाकं उपसलं. साधारण २० फूट लांब, १४ फूट रुंद, आणि आत माणसाच्या उंचीहून जास्त गाळ. चाळीसेक जणांची साखळी करायची, आतला भरून देणार, घमेलं हातोहात कड्यापर्यंत जाणार, शेवटचा माणूस ते दरीत उपडं करणार, रिकामं घमेलं परत. मी काठावर उभा राहून मोजायचो. आकडा असला की पोस्ट चांगली चालते. ४,८६० घमेली. आमची आजवरची सगळ्यांत जास्त शेअर झालेली पोस्ट तीच. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि टाक्यात पाणी साठलं तेव्हा आम्ही त्या पाण्याची पूजा केली. एक जण रडला. मीही जवळपास रडलोच होतो.

वनखात्याचं आमच्याकडे पत्र होतं. 'स्वच्छता मोहिमेसाठी' असं त्यात लिहिलेलं होतं. टाकं उपसणं ही स्वच्छताच, असा अर्थ आम्हीच लावला. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे कुठेतरी माहीत असावं, म्हणूनच विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये एका मोहिमेला एक मुलगी आली. पुण्यात पुरातत्त्व शिकत होती, एम.ए.चं दुसरं वर्ष. मी नेहमीप्रमाणे नव्या लोकांना गड फिरवला आणि शेवटी टाक्यापाशी आणलं. ही माझी ठरलेली जागा होती. इथे लोक 'बापरे' म्हणायचे. ती वाकून आत बघत राहिली. मग तिनं विचारलं,

"गाळ कुठे टाकलात?"

"दरीत."

"सगळा?"

"४,८६० घमेली," मी म्हटलं. अभिमानानं.

तिनं काही म्हटलं नाही. त्या रात्री तिनं ग्रुपवर एक लांब मेसेज लिहिला. सभ्य भाषेत होता. टाक्यातला गाळ हा कचरा नसतो, तो थरांनी साठतो, प्रत्येक थरात त्या त्या काळाचं काहीतरी असतं, तो असा काढला की पुन्हा कधीच वाचता येत नाही, पुढच्या कामाआधी कुणा जाणकाराला विचारूया. एवढंच.

दहा मिनिटांत उत्तरं सुरू झाली. 'एसीत बसून बोलणं सोपं असतं.' 'आम्ही घाम गाळला तेव्हा कुठे होतात?' 'महाराजांच्या गडाला पाणी मिळालं, याचं दुःख होतंय का?' मी यातलं काहीच लिहिलं नाही. मी जास्त वाईट केलं. ग्रुपचं सेटिंग बदलून फक्त ॲडमिनला मेसेज पाठवता येईल असं केलं, आणि लिहिलं, 'वाद नको. काम बोलेल. भेटूया रविवारी.' त्याला ७१ जणांनी अंगठा दिला. ती सकाळी ग्रुपमधून बाहेर पडलेली दिसली. मला बरं वाटलं.

*

काम बोललं, पण सव्वा वर्षानं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शिवजयंतीनिमित्त एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. व्याख्यान म्हणजे आमचे फोटो आणि मधूनमधून मी. शेवटी एका मुलानं विचारलं, "सर, एवढा गाळ काढलात, त्यात काय सापडलं?"

"काही नाही," मी म्हटलं, "नुसता गाळच होता."

बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं की मी खोटं बोललो. खापरं सापडली होती, पुष्कळ. चौथ्या-पाचव्या रविवारी तर घमेल्यागणिक दोन-तीन असायची. निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला होता. कोळसा होता. कसली तरी हाडं होती, त्यावर कुणीतरी विनोद केला होता. सगळं साखळीतून दरीत गेलं. एक नक्षीचं खापर तेवढं आमच्यातल्या एकानं घरी नेलं होतं, ते त्याच्या मॉनिटरशेजारी ठेवलेलं मी व्हिडिओ कॉलवर कितीदा तरी पाहिलं होतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा या विषयावर वाचायला बसलो. सहा वर्षं गडसंवर्धन करून झाल्यावर, पहिल्यांदा.

टाक्यात गाळ कसा साठतो ते साधं आहे. दर पावसाळ्यात पाण्याबरोबर माती येते आणि तळाशी बसते. पुढच्या वर्षीची तिच्यावर. न हलवता राहिलं तर खालचं जुनं, वरचं नवं. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही म्हणून तिथे परागकणसुद्धा शेकडो वर्षं टिकतात, आणि त्यांवरून आसपास कुठली झाडं, कुठली पिकं होती हे सांगता येतं. कोळशावरून कार्बन पद्धतीनं काळ काढता येतो. खापरांच्या घडणीवरून कुठल्या काळातल्या लोकांनी इथं पाणी भरलं याचा अदमास येतो. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर लक्ष ठेवणाऱ्या काही गडांवरची टाकी सातवाहन काळाइतकी जुनी असावीत असं अभ्यासक मानतात. नाणेघाट आणि त्याच्या शेजारचा जीवधन ही त्यातली माहीत असलेली नावं. आमच्या टाक्याचं काय? ते आता कुणीच सांगू शकणार नाही. अर्थ खापरात नसतो. कुठल्या थरात, किती खोल, कशाशेजारी मिळालं, त्यात तो असतो.

मी नोकरीत ज्युनिअर मुलांना एकाच गोष्टीवरून आवाज चढवून बोलतो. बॅकअप घेतल्याशिवाय काही डिलीट करायचं नाही. नको असलेला डेटासुद्धा नाही, कारण तो नकोसा आहे हे तुला आज वाटतंय. हे मी सोमवारी सांगायचो. रविवारी मी काठावर उभा राहून घमेली मोजायचो.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा उमगली, ती शब्दांची. आपण पूर्वापार म्हणत आलोय 'जीर्णोद्धार'. १८९५ साली टिळकांनी 'केसरी'तून रायगडावरच्या महाराजांच्या समाधीचा विषय लावून धरला, निधी उभा केला, तोही जीर्णोद्धारासाठीच. त्या शब्दात जीर्ण झालेलं बिचारं काहीतरी असतं आणि त्याचा उद्धार करणारा कुणीतरी असतो. उद्धार करणाऱ्याला चांगलं वाटतं. 'संवर्धन' हा शब्द आम्ही लेटरहेडवर छापला, पण डोक्यात उद्धारच होता. या क्षेत्रातली माणसं १९६४ च्या ज्या व्हेनिस सनदेला प्रमाण मानतात तिचं सार बरोबर उलटं आहे. कमीत कमी हात लावा, जे कराल ते नोंदवून ठेवा आणि जिथं अंदाज सुरू होतो तिथं थांबा. यात पोस्ट टाकण्याजोगं जवळपास काही नाही.

*

मार्चमध्ये मी तिला मेल लिहिला. तीन वेळा खोडून चौथ्यांदा पाठवला. माफी मागितली, गाळाची आणि ग्रुपच्या सेटिंगचीही. दोन दिवसांनी उत्तर आलं. माफीबद्दल त्यात काही नव्हतं. एकच ओळ होती: 'निदान फोटो आहेत का?'

फोटो! फोटो तर आमच्याकडे ढिगानं होते. घमेलं डोक्यावर घेतलेले, दंड दाखवणारे, चिखलानं माखलेले, हसणारे. तिचं म्हणणं असं की माणसांच्या मागे टाक्याच्या आतला गाळाचा कापलेला उभा भाग दिसत असणार. फोटो कधी काढला ते नक्की कळलं, तर कुठल्या रविवारी किती खोलीवर काय होतं ते थोडंफार जुळवता येईल.

इथे पहिल्यांदा मला माझ्या खऱ्या कामाचा उपयोग झाला. फोटोच्या मूळ फायलीत तो काढल्याची वेळ नोंदलेली असते. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती उरत नाही. म्हणजे मूळ फायली हव्यात, म्हणजे ज्यांनी त्या काढल्या त्यांच्याकडे मागायला हव्यात, म्हणजे कशाला हव्यात ते सांगायला हवं.

मी ३८ जणांना फोन केले. मेसेज नाही, फोन. 'आपण टाकं उपसलं ते चुकलं आपलं. माझं. त्यात काय होतं ते शोधायचंय, फोटो दे.' वाचायला सोपं वाटतं. काहींनी लगेच दिले. काही गप्प झाले. एकानं विचारलं, "म्हणजे आम्ही सात रविवार घाम गाळला तो वाया?" तो तोच, जो पाण्याच्या पूजेला रडला होता. त्याच्या लग्नाच्या आल्बममध्ये त्या टाक्याचा फोटो आहे. मी म्हटलं, "घाम वाया नाही गेला, गाळ गेला." त्यानं फोन ठेवला. फोटो मात्र रात्री पाठवले, सगळ्यांत जास्त त्याचेच होते.

११४० फोटो जमले. वेळेप्रमाणे लावले, धूसर आणि उपयोग नसलेले काढले, २१४ उरले. एप्रिल आणि मेचे शनिवार-रविवार मी आणि ती एका लायब्ररीच्या व्हरांड्यात बसून ते बघत होतो. मी शेवटच्या फोटोपासून पहिल्याकडे जायचो, म्हणजे टाकं हळूहळू परत भरत गेल्यासारखं दिसायचं.

दिसलं ते असं. वर काळी माती, मुळं, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या. त्याखाली पिवळसर मुरूम आणि त्यात घडीव दगड, टाक्याच्या काठावरची भिंत कधीतरी आत कोसळल्यासारखे. आणि त्याखाली मऊ, करडी, निळसर झाक असलेली चिकणमाती. खापरांचे फोटो जवळपास सगळे या तिसऱ्या थराच्या दिवसांतले. चौथ्या रविवारी दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी आमच्या एका मित्रानं दंड फुगवून काढलेला फोटो आहे. त्याच्या काखेतून ते तिन्ही थर स्वच्छ दिसतात. या गडाच्या त्या टाक्याची तेवढी एकच नोंद आता जगात आहे.

"मग काळ कुठला?" मी विचारलं.

"सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजे नको," ती म्हणाली. "भिंत पडली, त्याआधी टाकं वापरात होतं. तेवढंच म्हणूया."

मे महिन्यात मामा आम्हाला कड्याच्या खाली घेऊन गेले. दोन पावसाळ्यांत बहुतेक सगळं वाहून गेलं होतं. उरलेल्या मातीवर कारवी माजली होती. उतरताना मामा सहज बोलून गेले की त्यांच्या लहानपणी पाण्याच्या टाक्यातला गाळ वाडीतली माणसं दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात काढायची, गुरांना पाणी व्हावं म्हणून, आणि ती माती शेतात टाकायची. म्हणजे त्या टाक्यात थर असे काही उरलेच नसणार. "हे दुसरं मात्र कुणी उघडलं नव्हतं. आज्याच्या आधीपासून बुजलेलं." आम्ही नेमकं तेच उघडलं. मी मामांना विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाही. आणि तुम्ही शिकलेली माणसं."

मॉनिटरशेजारचं खापर मित्रानं न बोलता आणून दिलं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्या खापराचं मोल दहा रुपये होतं की नव्हतं कुणास ठाऊक. आम्ही सगळी हकिगत लिहून, फोटोंच्या नोंदीसह, ते पुरातत्त्व खात्याकडे दिलं. पत्रावर सही माझी.

*

आता तुम्हाला वाटेल की यानंतर मी लगेच पद सोडलं. नाही. सव्वा वर्ष लागलं.

आधी मला वाटलं, चुकलेलं सुधारणारा दादासुद्धा चांगला दिसतो. मी व्याख्यानांत ही गोष्ट सांगायला लागलो. लोक अजूनच भारावले. 'केवढा मोठेपणा, दादा!' चूक कबूल करूनसुद्धा मीच मोठा होत होतो. ग्रुपवर मेसेज पुन्हा सगळ्यांना पाठवता येत होते, पण मी लिहिल्यावर विरोधात कुणी लिहीत नव्हतं. पूर्वी सगळे माझ्याबरोबर गाळ काढायला तयार होते, आता सगळे माझ्याबरोबर न काढायला तयार होते.

मग ११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमचा गड त्यांत नाही. पण त्या आठवड्यात आमच्याकडे सामील व्हायला ६० हून अधिक जणांचे अर्ज आले. त्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलानं लिहिलं होतं, 'दादा, तुम्ही सांगाल ते करीन.' मी तो मेसेज रात्री दोनदा वाचला. २०२२ मध्येही हेच झालं होतं. मी सांगितलं आणि चाळीस चांगल्या माणसांनी केलं.

आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर काम ठप्प होईल, तो आकडा. तो एक असेल तर ते त्या माणसाचं मोठेपण नाही, टीमचा दोष आहे. पायथन ही भाषा घडवणाऱ्या गिडो व्हॅन रॉसमनं जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. एका नव्या चिन्हावरून झालेल्या वादानं तो थकला होता. वारस त्यानं नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. लोकांनी चर्चा करून, मतदान घेऊन पाच जणांची समिती निवडली. गंमत म्हणजे पहिल्या समितीत तो स्वतःही निवडून आला, आणि पुढच्या वर्षी मात्र उभा राहिला नाही. मला यातली ही शेवटची गोष्टच जास्त खरी वाटते. एका झटक्यात पायउतार होता येत नाही. माणूस एक पायरी उतरतो, वळून बघतो, मग दुसरी.

मी कार्यकारिणीला कळवलं तेव्हा पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं, "दादा, तुझ्याशिवाय संस्था चालणार नाही." मनात उकळ्या फुटल्या, हे कबूल करतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता तरी रविवारी घरी असशील." वडील म्हणाले, "पद सोडलं की लोक ओळख विसरतात, लक्षात ठेव." दोघंही आपापल्या जागी बरोबर होती.

*

तर मामांची ओसरी. गाळाची गोष्ट सांगून झाली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चर्चा सुरू झाली आणि चांगली तीन तास चालली. भांडणंही झाली.

तीन गोष्टी ठरल्या. अध्यक्ष दोन वर्षांसाठी, आणि सलग दोनदाच. कार्यकारिणीत वाडीतल्या दोन माणसांना कायमची जागा, कारण न विचारल्यामुळे मामा गप्प राहिले होते. आणि जमिनीला किंवा दगडाला हात लावणाऱ्या कुठल्याही कामाला सरकारी परवानगीखेरीज आमच्या सल्लागारांचा लेखी होकार. सल्लागार म्हणून ती आलीय. आम्ही तिला अध्यक्ष हो म्हटलं होतं. तिनं मान हलवली. "मला पद नको. मला नाही म्हणायचा अधिकार द्या, आणि मी नाही म्हटल्यावर ग्रुप बंद करू नका." ओसरीवर हशा झाला. मीही हसलो, कान मात्र गरम झाले होते.

नव्या अध्यक्ष तालुक्याच्या गावातल्या शाळेत शिकवतात. २०२० पासून आमच्याबरोबर आहेत, आणि मोहिमेला शिट्टी घेऊन येतात. सूचक मी होतो, अनुमोदक मामा. इतिवृत्तावर सह्या झाल्या. पुढचं काम कागदाचं. संस्थेचे पदाधिकारी बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला वकील लोक चेंज रिपोर्टच म्हणतात. बँकेत सह्यांचे नमुने बदलायचे. शेवटी व्हॉट्सॲप. मी मॅडमना ॲडमिन केलं आणि त्यांना सांगितलं, आता मला काढा. त्यांना ते बटण सापडेना. मला शिकवावं लागलं. "इथे दाबा. आता खाली. हां, तेच."

दाबल्यावर काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण जाणवण्यासारखं काही नाही. मामींनी पिठलं-भाकरी वाढली.

वडिलांचं म्हणणं थोडं खरं ठरलं. फोन कमी झाले. १९ फेब्रुवारीच्या व्याख्यानांची निमंत्रणं या वर्षी मॅडमना आली. पहिले दोन महिने रविवारी सकाळी मी उगाच फोन हातात घेऊन बसायचो. मला संस्थेची जेवढी आठवण येत होती त्याहून जास्त 'दादा'ची येत होती, हे समजायला वेळ लागला आणि मान्य करायला त्याहून जास्त.

आता मी नोंदणी बघतो. प्रत्येक मोहिमेआधी आणि नंतर ठरलेल्या वीस जागांवरून फोटो, शेजारी मोजपट्टी, तारीख, आणि काय केलं, का केलं, कुणी सांगितलं. मूळ फायली तीन ठिकाणी. फोटोत माणूस नसेल तर उत्तम. या फोटोंना कुणी अंगठा देत नाही.

मागच्या रविवारी पायवाटेवरची पावसाळी चर मोकळी करण्याचं काम होतं, परवानगी आणि लेखी होकारासह. मी फोटो काढत होतो. एक नवा मुलगा घमेलं भरून माझ्याकडे आला. माझ्या केसांतली पांढरी शिंपण बघून त्याला वाटलं असावं की हाच इथला कुणीतरी.

"दादा, हे कुठे टाकू?"

उत्तर तोंडाशी आलं होतं. मी हातानं वरच्या अंगाला, मॅडम उभ्या होत्या तिकडे दाखवलं.

"त्यांना विचार. आणि थांब जरा, आधी फोटो घेतो."